प्रो झालेल्या बॉक्सरचा वाली कोण? क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. क्रीडा मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांची कमी नाही. कळवा, वागळे इस्टेट, तुर्भे, कोपरखैरणे, कुठेही संध्याकाळी जा, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये किंवा व्यायामशाळेच्या गच्चीवर बॅगेवर ठोसे पडताना ऐकू येतील. रेल्वेची नोकरी संपल्यापासून मी अशाच एका ठिकाणी शिकवतो. हौशी बॉक्सिंगच्या तक्रारी आज काढत नाही, त्या पुन्हा कधीतरी. आज लिहितोय ते प्रो, म्हणजे पैशासाठी लढणारे व्यावसायिक बॉक्सर, होणाऱ्या पोरांबद्दल.

हौशी असेपर्यंत पोराच्या मागे काही ना काही असतं. जिल्हा संघटना असते, क्रीडा अधिकारी असतो, प्रमाणपत्र असतं, नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाची आशा असते. पण राष्ट्रीय स्पर्धेत समोर सेनादल, रेल्वे आणि हरियाणाची पोरं उभी असतात. आमचा पोरगा राज्याचं पदक घेऊन जातो आणि दोन बाउटमध्ये, म्हणजे दोन लढतींत, परत येतो. वय पंचविशीला टेकलेलं असतं. घरचे विचारायला लागतात, किती दिवस खेळणार? नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो: प्रो होतोस का? पैसे आहेत, पोस्टरवर फोटो येईल.

5 ऑगस्ट 2017 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मायमायतिअलीला हरवलं. त्या रात्रीनंतर आमच्याकडच्या कितीतरी पोरांच्या डोक्यात प्रो शिरलं ते निघालंच नाही. पण विजेंदरच्या मागे काय होतं ते बघा. 2008 चं ऑलिंपिक कांस्यपदक, लंडनचा बडा प्रवर्तक (लढती भरवणारा प्रमोटर), मँचेस्टरमध्ये राहून नव्याने घेतलेलं प्रशिक्षण, आणि हरियाणा पोलिसांतली डीएसपीची नोकरी. ही नोकरी करून प्रो होता येतं का, हा प्रश्न पुढे थेट उच्च न्यायालयात गेला. तुर्भ्याच्या माथाडी कामगाराच्या मुलाकडे यातलं एकही नाही.

आणि खेळ तर पार वेगळा. हौशी बाउट तीन राउंडची, नऊ मिनिटांची. सगळा दम त्या नऊ मिनिटांत ओतायचा, ठोसा लागला की बाहेर निघायचं, पुन्हा आत यायचं. प्रोमध्ये सुरुवात चार राउंडने होते आणि मजल बारापर्यंत जाते. तिथे पहिल्या राउंडला बरगडीवर खाल्लेला ठोसा सहाव्या राउंडला पाय जड करतो. वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे साधारण 67 किलोंच्या गटापर्यंत, ग्लोव्हज आठ औंसांचे, म्हणजे हौशीपेक्षा हलके, मार जास्त. वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे काटा झाल्यावर समोरचा रात्रभर खाऊन-पिऊन चार-पाच किलोंनी चढून येतो. बाउटच्या दिवशी सकाळी वजन द्यायची सवय असलेल्या आमच्या पोराला हे गणित कुणी सांगितलेलंच नसतं. हे शिकवणारे प्रशिक्षकही इथे बोटांवर मोजावे इतकेच.

यात भलेभले अडखळलेत. दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेला युक्रेनचा लोमाचेन्को दुसऱ्याच प्रो लढतीत, मार्च 2014 मध्ये, मेक्सिकोच्या सालिदोकडून हरला. सालिदो वजनात बसला नव्हता, तरी लढत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये लोमाचेन्को जगज्जेता झाला, कारण त्या हारीनंतरही त्याला पुढची मोठी लढत मिळवून देणारी माणसं होती. सिडनी ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, ब्रिटनचा ऑडली हॅरिसन प्रोमध्ये मोठं जगज्जेतेपद कधी जिंकूच शकला नाही. आपला विकास कृष्णन नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेच्या टॉप रँक या प्रवर्तक कंपनीकडे गेला, दोन लढती जिंकला आणि टोकियो ऑलिंपिकसाठी पुन्हा हौशी बॉक्सिंगमध्ये परतला. त्याला परतीची वाट होती. आमच्या पोरांना ती कशी मिळणार?

आता इथलं सांगतो. माझ्या एका पोराची बाउट नवी मुंबईतल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. आयोजकाचं नाव घेत नाही, कारण तसे अनेक आहेत. खुर्च्यांना आदल्या दिवशीच्या रिसेप्शनची पांढरी कव्हरं तशीच होती. रिंगच्या कॅनव्हासखाली दोन फळ्यांमध्ये फट होती, पाय पडला की खचकन आत जायचा. कोपऱ्यात पट्ट्या बांधताना मी पोराला म्हटलं, त्या बाजूला जाऊ नकोस. तर तो म्हणाला, सर, तो मला तिकडेच ढकलणार. रिंगजवळ डॉक्टर म्हणून एक सज्जन बसले होते. सहज चौकशी केली तर दातांचे डॉक्टर निघाले. ॲम्ब्युलन्स 'वाटेत' होती, ती शेवटपर्यंत वाटेतच राहिली. तिसऱ्या राउंडला पोरगा खाली गेला, उठला, रेफरीने लढत थांबवली. त्या रेफरीचे आभार. पोराच्या हातात पाकीट पडलं तेव्हा ठरलेल्या रकमेतून त्याच्या वाट्याच्या न विकलेल्या तिकिटांचे पैसे कापलेले होते. म्हणजे मार खायचा त्यानेच आणि तिकिटं खपवायची तीही त्यानेच.

पुढच्याच महिन्यात त्याला दुसऱ्या राज्यातून फोन आला, येतोस का? डोक्यावर मार खाऊन थांबवलेला बॉक्सर इतक्या लवकर पुन्हा रिंगमध्ये उतरू शकतो, कारण त्याला अडवणारी नोंदच कुठे नाही. ब्रिटनमध्ये बॉक्सिंगचं नियामक मंडळ 1929 पासून आहे. तिथे बॉक्सरच्या मेंदूचा एमआरआय दरवर्षी होतो आणि नॉकआउट झालेल्याला ठरावीक दिवस सक्तीने घरी बसवतात. तरीही 1991 मध्ये मायकेल वॉटसन हा बॉक्सर लंडनच्या रिंगमध्ये कोसळला आणि त्याला जागेवर तातडीचे उपचार मिळाले नाहीत. पुढे न्यायालयाने त्या मंडळालाच जबाबदार धरलं. आमच्या पोराने उद्या कुणाला कोर्टात खेचायचं? त्या हॉलच्या मालकाला? जुलै 2022 मध्ये बंगळुरूत किकबॉक्सिंगच्या रिंगमध्ये ठोसा लागून एका तरुणाचा जीव गेला, तेव्हा पोलीस केस झाली. आपल्याकडेही जाग यायला तेवढंच घडायला हवं का?

करारपत्रांची गंमत तर वेगळीच. मी पाहिलेलं एक करारपत्र संपूर्ण इंग्रजीत, पोराने सही केली ती मोबाइलवर पाहून. पाच वर्षं दुसऱ्या कुणासाठी लढायचं नाही, हे त्यात ठळक. वर्षात किती बाउट देणार, याबद्दल एक ओळ नाही. ना लढायला मिळतं, ना सुटता येतं. अशा वेळी पोरं मॉलच्या दारात बाउन्सर म्हणून उभी राहतात, नाहीतर जिममध्ये नोकरदारांना 'फिटनेस बॉक्सिंग' शिकवतात. त्यात कमीपणा काही नाही, पण त्यासाठी दहा वर्षं नाक फोडून घ्यायची गरज नव्हती.

साहेब, हे केंद्राचं काम आहे असं उत्तर येईल, म्हणून आधीच लिहितो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ हा विषय राज्य सूचीत आहे, नोंद 33. अमेरिकेतही प्रो बॉक्सिंगचे परवाने राज्यंच देतात. नेवाडाचं कमिशन 1941 चं आहे. शिवाय 2000 साली महंमद अलींच्या नावाने सगळ्या अमेरिकेसाठी कायदा झाला, त्यानुसार प्रवर्तकाला लढतीतून आपण किती कमावतो ते बॉक्सरला सांगावं लागतं. महाराष्ट्राने असं छोटंसं परवाना मंडळ काढावं. प्रवर्तकाकडून अनामत घ्यावी. रिंगजवळ खरा डॉक्टर आणि दारात ॲम्ब्युलन्स असल्याशिवाय पहिली घंटा वाजू देऊ नये. करार मराठीत असावा आणि मंडळात नोंदवलेला असावा. प्रत्येक बॉक्सरची वैद्यकीय नोंदवही ठेवावी आणि ती बाकीच्या राज्यांनाही बघता यावी. एवढं झालं तरी निम्मे हॉलवाले आयोजक आपोआप गायब होतील. प्रो पोरांना बक्षिसाच्या रकमा द्या असं मी म्हणत नाही. त्यांचा धंदा आहे, कमावतील किंवा बुडतील. पण धंदा आहे तर त्याला परवाना हवा. वडापावच्या गाडीलाही लागतो.

मंडळाला वेळ लागेल हे समजतं. तोवर एक करा. पुढच्या कार्डाचं, म्हणजे लढतींच्या कार्यक्रमाचं, पोस्टर आमच्याकडच्या खांबांवर लागलं की आपल्या कार्यालयाला कळवतो. एखादा अधिकारी ओळख न सांगता पाठवा, तिकिटाचे पैसे मी देतो. त्यांनी रिंगजवळच्या डॉक्टरांना एवढंच विचारावं, आपण कशाचे डॉक्टर?

आपला,
कळव्याचा एक बॉक्सिंग प्रशिक्षक