कॉन्वीच्या किल्ल्यातल्या आजोबांना

आजोबांस,
सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघडं पत्र. ऑगस्टमधला तो शनिवार, वेल्समधला कॉन्वीचा किल्ला, आणि बुरुजाच्या गोल जिन्यात भिंतीला पालीसारखी चिकटलेली माझी सहा वर्षांची लेक. वरही जाईना, खालीही उतरेना. पायऱ्या आतल्या टोकाला जेमतेम चार बोटं रुंद. नवरा थोरल्याला घेऊन पुढे गेलेला, मागे रांग तुंबलेली. आणि राजगड-तोरण्याच्या गप्पा हाणत मँचेस्टरहून निघालेली मी ‘‘अगं, चल ना’’ एवढंच म्हणत होते.

तुम्ही उतरत होतात. तिच्या वरच्या पायरीवर बसकण मारलीत आणि वेल्शमध्ये पायऱ्या मोजायला लागलात. ईन, दाय, त्री, पेद्वार, पिंप. ‘पिंप’ला ती खुदकन हसली. आमच्याकडे पिंपात पाणी भरतात, असं मी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, मग या किल्ल्यातही एक पिंप होतं!

1294 च्या हिवाळ्यात वेल्श लोकांनी बंड केलं आणि इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्वतःच बांधलेल्या या किल्ल्यात अडकला. नदीला पाणी चढलेलं, रसद तुटलेली, वाइनचं म्हणे एकच पिंप उरलेलं. ते कोण प्यायलं? ‘‘पुढचं पाच पायऱ्यांनंतर,’’ तुम्ही म्हणालात. बाईसाहेब चढल्या. राजाने ते एकट्याने न पिता सगळ्यांना वाटलं, हे कळेपर्यंत वर उजेड दिसायला लागला होता. उतरायला निघालेला माणूस दुखरे गुडघे घेऊन आमच्यासाठी पुन्हा माथ्यापर्यंत आला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

वर वाऱ्यात उभं राहून तुम्ही 1401 सालची गोष्ट सांगितलीत. गुड फ्रायडेला शिबंदी चर्चमध्ये गेलेली, आणि वेल्श बंडखोर ट्यूडर भावांच्या मूठभर माणसांनी सुतारकामाचं निमित्त करून किल्ला घेतला. थोरला ओरडलाच, ‘‘आई, कोंडाजी फर्जंद!’’ मग साठ मावळ्यांनी रातोरात घेतलेला पन्हाळा त्याने तुम्हाला मोडक्या-तोडक्या इंग्रजीत, हातवारे करत ऐकवला. तुम्ही तो पुरता ऐकून घेतलात. आमच्या घरीही इतकं कोणी ऐकून घेत नाही.

चार वर्षांत आठ बुरूज उभे केले, याचं कौतुक मी केलं तेव्हा तुम्ही मान डोलावून म्हणालात, ‘‘बांधला आमच्याविरुद्ध. आता तिकिटं आम्हीच फाडतो.’’ हे वाक्य मी तेव्हापासून चार ठिकाणी खपवलंय.

जाताना गावाच्या तटावर नक्की जा म्हणालात, तिथे एका रांगेत बारा संडास आहेत. गेलो. दोघांनी दोनदा मोजले, बाराच भरले. आता आमच्याकडे किल्ल्याचा विषय निघाला की राजा मागे पडतो, आधी संडास येतात. त्याचं श्रेयही तुमचंच.

धाकटी आता घरचा जिना वेल्शमध्ये चढते. पिंपपर्यंत जाते आणि पुन्हा ईनपासून सुरू करते. सहाला काय म्हणतात ते मी शोधून सांगितलं, पण तिला ते चालत नाही. आजोबांनी सांगितलेलंच हवंय.

तुमची आभारी,
जिन्यात अडकलेल्या मुलीची आई