यंदा डिसेंबरात नाही, जूनला

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आई डोळ्याला पदर लावते आणि बाबा "बघू, बघू" म्हणत फोन तिच्याकडं देतात, म्हणून लिहायला बसले. दादाला सांगितलंय, तो मोठ्या अक्षरात छापून आणून देईल. बाबांनी मोबाईलवर डोळे ताणून वाचायचं नाही.

यंदा डिसेंबरात आमचं येणं होत नाही. जूनच्या शेवटी इथं अमेरिकेत, न्यू जर्सीत शाळा सुटल्या की येतो आणि चांगलं महिनाभर राहतो. पावसात घराला ओल येते, कपडे वाळत नाहीत, पोराला सर्दी होईल, हे आई तू म्हणणार. होऊ दे. डिसेंबरात तिकिटं कशी महागतात ते तुम्हाला माहीत आहेच, शिवाय दहा दिवसांसाठी यायचं आणि त्यातले चार झोपेचं गणित बसवण्यात घालवायचे, त्यापेक्षा जून बरा. हे सगळं खरं आहे, पण खरं कारण वेगळं आहे. ते पुढं सांगते.

आधी बाबांच्या मोतीबिंदूचं. मी डॉक्टरांशी स्वतः बोलले. त्याच दिवशी घरी सोडतात. दादा रजा काढून पुण्याहून येतोय, तो गेला की वहिनी येणार. थेंबांचा तक्ता करून पाठवलाय, तो फ्रिजवर लावायचा, देवघरात नाही, तिथं तो उदबत्तीनं काळा होतो. स्वयंपाकाच्या मावशी महिनाभर दोन्ही वेळा येतील, त्यांचे पैसे मी दिलेत, आई तू पुन्हा द्यायचे नाहीत. गीझरवाल्याला सांगितलंय. बाबांच्या आरामखुर्चीचा पाय दादा बघतो म्हणालाय. नाही बघितला तर मला कळव, त्याला नको, मी त्याच्याशी बोलते.

आता कारण. आई, आधी बसून घे.

मी कुस्तीची पंच झालेय. चेष्टा नाही. इथल्या हायस्कुलातल्या पोरांच्या कुस्त्यांसाठी पंच लागतात. त्यांच्या संघटनेत नाव नोंदवलं, नियमांची परीक्षा दिली, पास झाले. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, गळ्यात शिट्टी, एका मनगटावर लाल पट्टा आणि दुसऱ्यावर हिरवा. ज्याला गुण द्यायचा त्याच्या रंगाचा हात वर करायचा. लढती डिसेंबरच्या मध्यात सुरू होतात आणि मार्चच्या सुरुवातीला संपतात, बहुतेक संध्याकाळी आणि शनिवारी. कामावर काही परिणाम नाही. पहिल्या वर्षी मला लहान पोरांच्या आणि दुय्यम संघांच्याच कुस्त्या मिळणार. तुमच्या नातवाच्या शाळेला मला नेमत नाहीत, त्यामुळं "आईनं जिंकवलं" असं कुणी म्हणू शकत नाही.

आई, पुन्हा पंच व्हायचं नाही म्हणून तू बाबांना घातलेली शपथ मला आठवते. त्या जत्रेनंतरची. बाबांचा फाटलेला फेटा तू दोन दिवस कुणाला धुवू दिला नव्हतास. ती शपथ बाबांना होती, मला नव्हती, असा कायदेशीर मुद्दा मी काढणार नाही. पण इथं कुणी आखाड्यात घुसत नाही. व्यायामशाळेसारखा मोठा हॉल असतो, कडेला लाकडी बाकड्यांच्या पायऱ्या, शाळेचा माणूस दाराशी उभा. ओरडतात मात्र. खूप ओरडतात. गेल्या हंगामात एक बाप एका वयस्कर पंचाला सगळी लढतभर काय काय बोलत होता, आणि त्याचं पोरगं खाली मान घालून शिरस्त्राण काढत होतं. देशभरच्या शालेय क्रीडा संघटनेचाच अंदाज आहे की २०१८-१९ नंतरच्या तीनेक वर्षांत सगळ्या खेळांचे मिळून ५०,००० पंच हे काम सोडून गेले. कोरोना होता, पण लोकांचं तोंड हेही मोठं कारण. आमच्याकडं पंच नाही म्हणून धाकट्या पोरांची एक लढत रद्द झाली. मी त्या बाकड्यावर बसूनच होते, नियम पाठ होते. तिथंच ठरलं.

बाबा, आता तुमच्यासाठी. इथली शालेय कुस्ती ऑलिंपिकसारखी नाही आणि आपल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानासारखीही नाही. दोन-दोन मिनिटांचे तीन डाव. पट काढून खाली घेतलं की तीन गुण. आधी दोन होते, २०२४ च्या हंगामापासून तीन झाले आणि त्यावर जुने लोक अजून कुरकुरतात. खालच्यानं सुटका करून घेतली तर एक, उलटून स्वतः कब्जा घेतला तर दोन. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला बहुधा एक जण हातागुडघ्यांवर असतो आणि दुसरा त्याच्या पाठीशी कंबर धरून, म्हणजे कब्ज्यातूनच कुस्ती सुरू. तुम्हाला हे आवडेल, घिस्सा मारायला जागाच जागा. आणि चितपट म्हणजे पाठ टेकली की झालं असं नाही, दोन सेकंद टेकलेली राहिली पाहिजे. ते बघायला पंचाला गादीवर पालथं पडून गाल टेकवून खांद्याखाली बघावं लागतं. (आई, पाठीचे व्यायाम मी रोज करते.)

भांडणं सगळ्यात जास्त होतात ती पळपुट्या पैलवानावरून. गुण घेतले की मग मागं मागं सरकायचं, कडेला जायचं, खडाखडीत वेळ काढायचा. मैदानात तुम्ही लोक "कुस्ती कर की रं!" म्हणून ओरडता आणि शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवून टाकतात. इथं पंच आधी इशारा देतो, मग दुसऱ्याला एक गुण, पुन्हा एक, मग दोन, आणि तरी ऐकलं नाही तर बाद. म्हणजे सगळं पंचाच्या नजरेवर. माझ्या मते हा नियम चांगला आहे आणि प्रेक्षक त्यावर बोलतात ते बहुतेक अडाण्यासारखं, कारण प्रत्येकाला पळताना फक्त समोरचं पोरगं दिसतं.

दुसरं भांडण मात्र मला पटतं, निदान अर्धं. न्यू जर्सीत गावची सरकारी शाळा सहसा गावात राहणाऱ्या पोरांनाच घेते. खासगी शाळांना अशी वेस नाही, त्या लांबलांबून तयार पैलवान जमवतात. संघाच्या स्पर्धेत दोघांचे गट वेगळे ठेवलेत, पण एकेकट्याच्या कुस्तीत सगळे एकत्र, आधी डिस्ट्रिक्ट, मग रीजन, मग अटलांटिक सिटीतल्या त्या प्रचंड हॉलमध्ये राज्याची अखेर. गावची माणसं म्हणतात हे विकत घेतलेलं यश आहे. मला सारखं वाटतं, मग गंगावेश तालीम काय करते? सोलापूरचं पोर, नगरचं पोर कोल्हापुरात येऊन राहतं आणि तुम्हीच त्याला 'आपला' म्हणता. पण तालमीत सगळेच तसे येतात, तिथं गल्लीतल्या पोराला घरी बसवून कुणी आणलेलं नसतं. तुमचं काय मत आहे ते ऑपरेशननंतर सांगा, आधी नको, रक्तदाब वाढतो.

तो वाढतो हे मी २०२३ ला पाहिलंय, महाराष्ट्र केसरीला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेच्या डावाला चार गुण दिले तेव्हा. आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये, अहिल्यानगरला. तुम्ही रात्री दीडला मला व्हिडिओ पाठवलात आणि खाली लिहिलंत, "खांदा टेकला का नाही ते सांग." मी तो थांबवून थांबवून बघितला, मला अजून खात्री नाही. शिवराज राक्षेनं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली, तीन वर्षांची बंदी आली. त्याचं दुःख मला कळतं, वर्षाची मेहनत एका शिट्टीत जाते. पण लाथ नाही. तुम्ही त्या दिवशी "पंचाची चूकच होती" म्हणालात आणि आई मागून म्हणाली, "तुमची पण होती का तेव्हा?" तुम्ही गप्प बसलात. मी इथं फोन कानाला लावून हसत होते, माफ करा.

इथं एक सोय आहे. प्रशिक्षकाला लढत थांबवून टेबलाशी येऊन पंचाला विचारता येतं, पण नियम चुकीचा लावला एवढंच. खांदा टेकला का, हे विचारता येत नाही, ते पंचाच्या डोळ्यांचं काम. उगाच विचारलं तर आधी ताकीद, मग संघाचा गुण कापतात. हे वाचलं तेव्हा मला तुमची ती रात्रीची गोष्ट आठवली, वीज गेली की सांगायचात ती. हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२. खाशाबा जाधवांची जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली आणि मधली अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना लगेच रशियाच्या पैलवानासमोर उभं केलं. "नियम होता गं, पण तिथं सांगायला आपलं कोण नव्हतं," असं म्हणून तुम्ही कंदिलाची वात खाली करायचात. मी अंथरुणात ठरवायचे की मी गेले असते. आईला वाटेल हे आता रचून सांगतेय. बाबांना विचार, मी तेव्हाही म्हणाले होते.

पंचाच्या हातात केवढं असतं ते इथल्याच एका गोष्टीनं मला शिकवलं. डिसेंबर २०१८ मध्ये याच राज्यात एका कृष्णवर्णीय पोराला पंचानं सांगितलं, जटा काप नाहीतर कुस्ती सोड. गादीच्या कडेलाच त्याचे केस कात्रीनं कापले. पोरगं जादा वेळेत कुस्ती जिंकलं, पण त्याचा चेहरा बघवत नाही. पुढं त्या पंचाला दोन हंगाम बाहेर ठेवलं आणि केसांचा नियमही बदलला. नियमाचं पुस्तक हातात आहे म्हणून माणसानं असं वागायचं नसतं, एवढं कळणारी चार माणसं त्या शर्टात हवीत की नको? मुलींच्या कुस्त्याही वाढल्यात, २०१९ पासून त्यांची राज्य स्पर्धा वेगळी होते, आणि तिथं बायका पंच अजून कमीच दिसतात.

आई, तुझा नातू उपाशी राहत नाही. तुला कुणीतरी सांगितलंय की इथं पोरं वजन उतरवायला पाणी सोडतात. सोडायची. १९९७ साली तीन कॉलेजच्या पोरांचा त्यात जीव गेला, त्यानंतर नियम कडक झाले. घाबरू नकोस, कडक झाले हे सांगायला लिहितेय. हंगामाआधी अंगातलं पाणी आणि चरबी तपासतात, त्यावरून त्यानं किती खाली उतरायचं ते ठरतं, आणि आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवू देत नाहीत. तो भाकरी खातो, पिठलं खातो, तूप मागून घेतो. लढतीआधी पंच नखं आणि कातडीही बघतात, गजकर्ण असेल तर डॉक्टरांचा कागद लागतो. तू आमची रविवारी नखं कापायचीस तसंच.

बाबा, तुमच्या खांद्यावर बसून मी खासबाग बघितली. तुमच्या टोपीत शेंगांची टरफलं टाकायचे आणि तुम्हाला घरी आल्यावर कळायचं. हलगी वाजायला लागली की तुमचे खांदे आपोआप हलायचे आणि मी पडायला व्हायचे. तुम्ही एका हातानं माझा पाय घट्ट धरायचात आणि दुसऱ्या हातानं डाव दाखवायचात. आता तो हात मोतीबिंदूच्या थेंबांसाठी आई धरणार, धरू द्या. "मला जमतंय" म्हणायचं नाही.

आणि ऐका. महिनाभर मैदानाला जायचं नाही, धूळ असते, जत्रेचं आमंत्रण आलं तरी नाही. काळा चष्मा घराबाहेर पडताना घालायचा, खिशात ठेवायचा नाही. रात्री दहानंतर कुस्तीचे व्हिडिओ बंद. आई, साखर सकाळी उपाशीपोटी तपासायची, चहानंतर नाही, मी आकडे बघते, मला कळतं. संक्रांतीचा तिळगूळ पोस्टानं पाठवू नकोस, चुरा होतो, जूनला हातानं दे. ओल आली तर येऊ दे.

माझी पहिली लढत झाली की फोन करीन. आधी फोन आईकडं द्यायचा, तिला मी धडधाकट आहे हे सांगते, मग बाबांनी काय विचारायचं ते विचारा. आणि गीझरवाला आला का ते कळवा.

तुमची,
माई