रॉय डिस्नेचीही आठवण असू द्या

महोदय,

आपल्या पुरवणीतील थीम पार्कवरील लेखात वॉल्ट डिस्नेचे यथोचित कौतुक आहे; मात्र त्याचा थोरला भाऊ रॉय त्यात कुठेच नाही. 1923 मध्ये कंपनी सुरू झाली ती दोघा भावांच्या नावाने. वॉल्टने स्वप्ने पाहायची आणि रॉयने पैशांची तजवीज करायची, अशी ही जोडी. 1953 मध्ये डिस्नेलँडचा, हर्ब रायमन या चित्रकाराने एका शनिवार-रविवारात काढलेला, नकाशा घेऊन न्यूयॉर्कला भांडवल मागायला गेला तो रॉयच. एबीसी वाहिनीने पैसे दिले, बदल्यात साप्ताहिक कार्यक्रम घेतला. (प्रायोजकत्वाचे हे गणित आजही तसेच चालते!) 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात उद्यान उघडले, तेव्हा बनावट पासांमुळे तोबा गर्दी झाली आणि ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या.

फ्लोरिडातल्या ‘डिस्ने वर्ल्ड’ या दुसऱ्या उद्यानासाठी तर बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत सुमारे 27 हजार एकर जमीन गुपचूप घेतली गेली. भाव वाढू नयेत म्हणून! 1966 मध्ये वॉल्ट गेला. निवृत्ती लांबवून रॉयने काम पुरे केले आणि ‘डिस्ने वर्ल्ड’च्या आधी ‘वॉल्ट’ जोडण्याचा आग्रह धरला. ऑक्टोबर 1971 मध्ये उद्यान सुरू झाले. त्याच डिसेंबरात रॉयही गेला. पुढच्या लेखात त्याला निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे