रविवारच्या बैठकीची आठवण: अतिक रहिमी

मंडळी, रविवारी संध्याकाळी ५ ला नेहमीच्या जागी भेटतोय, विसरू नका प्लीज. यावेळी चर्चेला लेखक अतिक रहिमी. जन्म १९६२, काबूलचा, सोव्हिएत फौजा असताना देश सोडून फ्रान्सला गेला आणि तिथेच लेखक झाला, पण पहिली कादंबरी फ्रेंचमध्ये नाही, दरी फारसीत (अफगाणिस्तानातली फारसी) लिहिली. तिच्यावर स्वतःच 'अर्थ अँड ॲशेस' सिनेमा केला, २००४ ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात बक्षीसही मिळालं. गोष्टीत गाव बॉम्बने उद्ध्वस्त झालंय आणि आजोबा नातवाला घेऊन खाणीत काम करणाऱ्या मुलाला ते सांगायला निघालेत. नातवाला बॉम्बच्या आवाजाने ऐकूच येत नाही आणि त्या पोराला वाटतं की रणगाड्यांनी सगळ्यांचे आवाज पळवून नेलेत!! मला तर ते वाचून पुढचं पान उलटवेना.

मग 'सिंगे साबूर' ही कादंबरी मात्र थेट फ्रेंचमध्ये, २००८ चं गाँकूर (फ्रान्सचा मोठा साहित्य पुरस्कार) तिलाच. कोमातल्या नवऱ्याजवळ बसून बायको आयुष्यभर दाबलेलं सगळं बोलते. मातृभाषेत असं लिहिताना लहानपणापासूनची बंधनं आड येतात असं तो म्हणतो, आणि मला यावरच सगळ्यात जास्त बोलायचंय, तुम्हीपण विचार करून या की मराठीत आपल्याला काय लिहवत नाही.

'सिंगे साबूर'वर त्यानेच केलेला २०१२ चा सिनेमा एकत्र बघायचाय म्हणून वेळेवर या. पुस्तकाची कॉपी ज्यांच्याकडे आहे त्यांनी नक्की आणा, बऱ्याच जणांना अजून मिळालेली नाही.