ब्रॉडमूरला निघालेल्या मुक्तास

सातारा,
रविवार, दुपार

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर बोलणं धड झालं नाही. तू म्हणालीस, "बाबा, ब्रॉडमूरची ऑफर आली, ते इंग्लंडमधलं मानसिक आजारी गुन्हेगारांचं हॉस्पिटल," आणि मी "बरं" म्हणून फोन आईकडे दिला. तिनं जेवलीस का विचारलं. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं बराच वेळ मालिका बघत बसलो, म्हणजे ती समोर चालू होती. पत्र लिहिणं मला बरं पडतं. पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवीन. अक्षर लागलं नाही तर दादाला विचार.

आधी अभिनंदन. ते त्या दिवशी राहिलं.

मे महिन्यात तुझा चष्मा "पडून" फुटला, तो कसा ते मला कळलंय. दादावर चिडू नकोस, मीच खोदून काढलं. एका पेशंटनं फटका मारला, आणि पुढच्याच आठवड्यात तू पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसलीस. व्हिडिओ कॉलवर तू गालावर केस घेऊन बोलत होतीस, आई म्हणाली नवीन कट दिसतोय. या विषयावर मी बोलणार नाही असं तिला कबूल केलंय. एकच विचारतो आणि संपवतो. त्या खोलीत दाराजवळची खुर्ची तुझी असते ना?

तू ब्रॉडमूरचं नाव घेतल्यापासून मी वाचतोय. बाळूच्या झेरॉक्समध्ये जाऊन तुमच्या मेंटल हेल्थ ॲक्ट १९८३ ची कलमं छापून आणली. बाळूनं विचारलं, काका, पुन्हा कोर्टात लागलात का? कलम ३७ म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टानंच हॉस्पिटलात पाठवायचं. त्याला ४१ जोडलं की एकट्या डॉक्टरांच्या मतानं सुटका नाही. तासाभरासाठी आवाराबाहेर न्यायचं तरी मंत्र्यांच्या खात्याची परवानगी. ४७ आणि ४९ म्हणजे शिक्षा भोगताना आजारी पडून तुरुंगातून आलेला. बरोबर ना? उभा जन्म कलमं चाळण्यात गेला, पण हे वाचताना मजा आली. आणि ट्रायब्यूनलपुढे, म्हणजे पेशंटच्या सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळापुढे, तुझा अहवाल जातो, त्यावर ते तुलाच उलटसुलट विचारतात, हे तू आजवर सांगितलं नव्हतंस. आमच्याकडे साक्षीला आलेल्या तज्ज्ञाला पाणी कुणी द्यायचं तर बेंच क्लार्कनं, म्हणजे मी. तुला तिथे पाणी देतात का?

मॅकनॉटनही सापडला. १८४३ साली लंडनमध्ये त्यानं पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली. पीलचा पक्ष आपल्या मागावर आहे अशी त्याची पक्की समजूत होती. ज्यूरीनं त्याला वेडाच्या कारणानं निर्दोष सोडलं, त्यावर राणी व्हिक्टोरियासुद्धा भडकली, आणि मग तिथल्या न्यायाधीशांनी जे नियम सांगितले त्यावरून आपलं पिनल कोडाचं कलम ८४ आलं. (आता नव्या संहितेत ते २२ झालंय, पण माझ्या तोंडात ८४ च बसलंय.) एवढं मला पूर्वीपासून माहीत होतं. १८६३ ला ब्रॉडमूर सुरू झालं आणि पुढच्या वर्षी मॅकनॉटनला लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयातून तिथे हलवलं, १८६५ ला तो तिथेच वारला, हे मात्र परवा वाचलं. मी खुर्चीतून उठलोच. आईला म्हटलं, अगं, ज्याच्यापायी ८४ आलं तो जिथे मेला तिथे आपली मुक्ता चाललीय. ती म्हणाली, हे आनंदानं सांगताय?

मग १९५२ चं वाचलं. एक जण भिंत ओलांडून पळाला, चार तास बाहेर होता, आणि तेवढ्यात एका पाच वर्षांच्या पोरीचा जीव गेला. त्यानंतर आसपासच्या गावांत भोंगे लावले, आणि दर सोमवारी दहाला ते वाजवून बघत. ते भोंगे आता काढलेत, २०१९ पासून इमारतही नवी आहे, हे मला माहीत आहे, तू सांगू नकोस. माणसं जास्त, दारं जास्त, एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, किल्ल्या पट्ट्याला साखळीनं, मोबाईल बाहेर लॉकरमध्ये, जेवणानंतर चमचे मोजून घेतात. आतापेक्षा तिथे जास्त सुरक्षित आहे असं तू म्हणतेस आणि मला ते हिशेबानं पटतंसुद्धा. पण २००७ पासून तिथे सगळे पुरुष पेशंट आहेत. आणि इतकी दारं ओलांडून शेवटी एका खोलीत तू आणि तो. तिथे खुर्ची दाराजवळची घ्यायची, त्याला आत बसवायचं, हे शिकवतातच म्हणालीस. शिकवतात आणि करतात यात फरक असतो. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. समोरच्याला कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून तू उठून जागा बदलशील.

आई आत्ता मागून वाचून गेली. म्हणाली, तुम्ही तीसेक वर्षं खुनाच्या आरोपींपासून हातभर अंतरावर बसलात, तेव्हा मी कोणाला पत्रं लिहिली होती? ती खरंच कधी काही बोलली नाही. डब्यात मात्र चटणी जास्त असायची.

आरोपींवरून तो पाटणकडचा आठवला. तुला आठवेल, तू दहावीला होतीस. भावाच्या डोक्यात कुदळ घातली होती. पंचनाम्याच्या वेळेपासून एकच म्हणत होता, हा माझा भाऊ नव्हे, त्याचं सोंग घेऊन दुसराच कुणी आलाय, माझा भाऊ कुठे ठेवलाय ते सांगा. आम्ही कोर्टातली माणसं हसायचो. खूप वर्षांनी तू सांगितलंस की या भ्रमाला कॅपग्रास म्हणतात, आणि ज्याच्याशी सगळ्यात जवळीक असते त्याच्याचबद्दल तो बहुधा होतो. त्यानंतर मला हसू आलं नाही.

साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, तर हा म्हणाला, आधी भावाला बोलवा. वकिलांनी अर्ज दिला, डॉक्टरांनी तपासलं, खटला चालवण्याच्या स्थितीत नाही म्हणून येरवड्याला मनोरुग्णालयात पाठवला. तारखा सुरू झाल्या. त्याची आई प्रत्येक तारखेला यायची. सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन व्हरांड्यात बसायची. भाकरी, कारळ्याची चटणी, फडक्यात बांधलेली. शिपायानं पुकारा केला की ती उभी राहायची, जणू तिलाच बोलावलंय. मी रोजनामा लिहायचो: आरोपी गैरहजर, अहवाल अप्राप्त, पुढील तारीख. कधी अहवाल यायचा तर बंदोबस्त नसायचा. ती विचारायची, "सायेब, आज आणत्यात का?" एक मुलगा मेलेला, दुसऱ्यानं मारलेला, आणि ती दुसऱ्यासाठी भाकरी घेऊन आलेली. घरी येऊन मी हे जेवताना सांगितलं, तर तू विचारलंस, "पण त्याला असं का वाटलं, हे कुणी विचारलं का?" मी म्हटलं, रोजनाम्यात तसा रकाना नसतो. आई अजून म्हणते, तुम्ही ताटावर खुनाच्या गोष्टी सांगायचात, आता भोगा.

ती म्हातारी गेली आणि तो त्यानंतर बरा झाला. मग खटला फार चालला नाही. कलम ८४ खाली निर्दोष, पण मोकळा नाही. सुरक्षित ठिकाणी ठेवा, नातेवाईक हमी देऊन नेत असतील तर विचार करू, असा हुकूम झाला. भावकीला पत्रं गेली. मीच टाइप केली होती. कोणी आलं नाही. मला तेव्हा त्या लोकांचा राग आला होता. पण घरात त्या भावाची विधवा होती, दोन पोरं होती. तिला कोणत्या तोंडानं सांगणार, ने याला घरी? पुढे मी निवृत्त झालो. त्याचं काय झालं ते फाइलबाहेरचं.

आसामच्या माचांग लालुंगचं कात्रण तुझ्या कपाटात अजून आहे. १९५१ ला पकडला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला, १९६७ ला डॉक्टरांनी लिहून दिलं की बरा आहे, तरी घरी न जाता गुवाहाटीच्या तुरुंगात. खटला कधी झालाच नाही. २००५ ला सुटला, ५४ वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. पेपर वाचून मी कोर्टात सगळ्यांना तो एक रुपया सांगत होतो. कागद ज्याच्या हातात असतो त्यानं पान उलटलं नाही की असं होतं. तुझ्यापुढे बसणाऱ्या प्रत्येकाचा कागद तू उलटतेस, म्हणून

हे वाक्य मी अर्धं सोडतो. चहाला उठलो होतो, आता पुढचं आठवत नाही.

बरं, मग इथेच का येत नाहीस? २०१७ च्या आपल्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०३ आहे, प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मानसिक आजाराच्या उपचारांची सोय करायची असं स्पष्ट लिहिलंय. तुझ्यासारखी माणसं इथे लागतात. येरवडा आपल्या घरापासून अडीच-तीन तास. पगार कमी मिळेल, पण शिकलेल्या माणसानं नुसता पगार बघायचा नसतो, आणि परक्या देशातल्या खुन्यांसाठी मार खाण्यापेक्षा आपल्या... असो. हे भाषण झालं. आईला वाचून दाखवलं नाही, तूही तिला सांगू नकोस. तिथे जे शिकायला मिळतं ते इथे नाही, हे तू मागच्या दिवाळीत रडत सांगितलं होतंस, ते माझ्या लक्षात आहे. रागावू नकोस.

दोन गोष्टी मात्र कोर्टातल्या माणसाच्या म्हणून ऐक. आरडाओरडा करणाऱ्या आरोपीची मला कधी भीती वाटली नाही. गोड बोलणारा, तुमच्या मुलीला किती मार्क पडले असं विचारणारा, त्याच्यापासून मी सावध असायचो. तुला कोणी गाव विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं, तर सांगू नको. तू सांगत नाहीसच म्हणा. दुसरं म्हणजे फाइल. भेटण्याआधी तू गुन्ह्याचे सगळे कागद वाचतेस, फोटोसकट. मी मुद्देमाल हाताळायचो, पोस्टमॉर्टमचे फोटो पानाला टाचायचो, आणि घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय तुम्हा दोघांना जवळ घेत नव्हतो. तुला वाटायचं बाबा सोवळ्याचे आहेत. तुझं ते वरिष्ठांबरोबरचं दर आठवड्याचं सुपरव्हिजन असतं, त्यात हे बोलतेस का? की तिथेही "मी ठीक आहे"? तू ठीक नसताना कशी बोलतेस हे तिथे कोणाला ओळखता येतं का, एवढंच मला कळलं तर मी खुर्चीचं विचारायचं सोडून देईन.

सोडणार नाही, पण कमी करीन.

आईनं मेतकूट आणि भाजणी केलीय. कुरियरवाला म्हणतो पावडर असेल तर प्रश्न विचारतात. ब्रॉडमूरजवळ ब्रॅकनेलला खोली घेतेस ती कितव्या मजल्यावर, आणि बस किती वाजेपर्यंत असते, हे तिनं विचारलंय. नाशिकच्या फ्लॅटचं बंडूकाका बघतोय, त्यात तू पडू नकोस. गणपतीत जे झालं त्याबद्दल त्याला वाईट वाटतंय, म्हणत नाही पण वाटतंय.

माझं एक काम कर. तुमच्या कायद्यातलं कलम ११७ मी तीनदा वाचलं. तसा माणूस हॉस्पिटलातून सुटल्यावर त्याची पुढची काळजी तिथल्या कौन्सिलनं आणि आरोग्य खात्यानं घ्यायची, असं लिहिलंय. म्हणजे नक्की काय होतं? खोली कोण शोधतं? भाडं कोण भरतं? शेजारच्यांना सांगतात का, आणि सांगितलं तर शेजारी काय म्हणतात? रात्री त्याला पुन्हा तसंच वाटायला लागलं तर तो फोन कुणाला लावतो? ज्याच्या घरच्यांनाच त्यानं दुखावलंय त्याच्याकडे सणाला कोण जातं? नावं नकोत, फक्त पद्धत सवडीनं सविस्तर लिही. इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल.

तब्येतीला जप. बी.पी.ची गोळी मी रोज घेतो, आईला विचार.

तुझा,
बाबा

ता. क. सुमाआत्याला अजून "सरकारी हॉस्पिटल" एवढंच सांगितलंय. नाव सांगितलं तर ती मोबाईलवर शोधेल आणि मग रोज रात्री मलाच फोन करेल. तिचा फोन आला तर तूही तेवढंच सांग. ज्येष्ठ नागरिक संघात मात्र मी नाव सांगून बसलोय, आणि गुरुवारी त्यांनी मला मॅकनॉटनवर बोलायला लावलंय. तुझ्याकडे त्याचा एखादा फोटो असेल तर पाठव.