रॉक गाण्यांचे ‘गूढ अर्थ’ छापण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईगल्स या अमेरिकन बँडचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे सैतानपूजकांचे गाणे असल्याचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत आता पुरवण्यांतही येऊ लागला आहे. कोड्यात टाकणाऱ्या गाण्यांचा अर्थ शोधावासा वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याआधी थोडी छाननी हवी.

त्या मजकुरानुसार गाण्यातले साल हे ‘चर्च ऑफ सेटन’ या सैतानपूजक पंथाच्या स्थापनेचे, आणि अल्बमच्या आवरणावरची इमारत त्याच पंथाची. पण ही कथा तारखांपाशीच अडखळते. सॅन फ्रान्सिस्कोतील तो पंथ १९६६ चा. गाण्यात उल्लेख आहे १९६९ चा. आवरणावरची इमारत म्हणजे बेव्हर्ली हिल्समधले प्रसिद्ध हॉटेल. गाण्यातली पोलादी सुऱ्यांची (‘स्टीली नाइव्ह्ज’) ओळ ‘स्टीली डॅन’ या बँडला उद्देशून आहे. त्या बँडने मे १९७६ च्या ‘द रॉयल स्कॅम’मधील एका गाण्यात ईगल्सचे नाव घेतले होते, आणि ईगल्सचा अल्बम आला त्याच वर्षी डिसेंबरात. हा क्रम ठाऊक नसेल, तर त्या ओळीतून वाटेल ते काढता येते.

शब्दही आधी पक्के करावेत. इंटरनेटवरचे पाठ बरेचदा नुसते ऐकून उतरवलेले असतात; अल्बमसोबत छापलेला पाठ मिळाला तर तोच धरावा. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या शेवटी जॉन लेनन ‘क्रॅनबेरी सॉस’ म्हणतो. १९६९ मध्ये त्याच बँडमधला पॉल मॅकार्टनी वारल्याची अफवा उठली आणि लोकांना तिथे ‘आय बरीड पॉल’ (मी पॉलला पुरले) ऐकू येऊ लागले. गाणी उलटी वाजवून संदेश शोधण्यातही हेच होते. पडताळा सोपा आहे: तो तुकडा काहीही न सांगता चार जणांना ऐकवा आणि ऐकू आलेले वेगवेगळे लिहायला सांगा. मग ‘अपेक्षित’ वाक्य हातात देऊन पुन्हा ऐकवा. पहिल्या खेपेला उत्तरे सहसा जुळत नाहीत, दुसऱ्या खेपेला बहुतेकांना तेच वाक्य ऐकू येते.

सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण ‘आय अ‍ॅम द वॉलरस’चे (१९६७). आपल्या जुन्या शाळेत बीटल्सच्या गाण्यांचे विश्लेषण शिकवतात, हे एका विद्यार्थ्याच्या पत्रातून कळल्यावर लेननने मुद्दाम चक्रावून टाकणारे शब्द योजले, असे त्याचा बालमित्र पीट शॉटन सांगतो. तरीही त्या शब्दांचा माग लागतो. वॉलरस लुइस कॅरोलच्या कवितेतला, तर पिवळ्या कस्टर्डची किळसवाणी ओळ शाळकरी पोरांच्या बडबडगीतातली. शेवटी ऐकू येणारे मरणाचे संवाद ‘किंग लिअर’च्या चौथ्या अंकातले आहेत. मिक्सिंग चालू असताना रेडिओ जोडला होता आणि बीबीसीवर तेव्हा ते नाटक लागले होते. अफवा पसरवणाऱ्यांनी मात्र हेच संवाद पॉलच्या मृत्यूचा पुरावा ठरवले!

कच्चे खर्डेही महत्त्वाचे. लेननचे ‘सेक्सी सेडी’ हे गाणे मुळात महर्षी महेश योगींवर लिहिलेले. बीटल्सपैकीच जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाने गाण्यातले त्यांचे नाव बदलले. नुसत्या छापील ओळींवरून हे कोणाला उमगले असते?

कवीचे स्वतःचे स्पष्टीकरणही तारखेसकट घ्यावे. गाणे आले तेव्हाची मुलाखत आणि वीस वर्षांनंतरची आठवण यांचे वजन सारखे नसते.

म्हणून विनंती अशी, की यापुढे असे लेख छापताना प्रत्येक अर्थापुढे तो कोणी, कोणत्या साली सांगितला हे द्यावे, आणि लेखकाचा स्वतःचा तर्क असेल तिथे ‘तर्क’ असे स्पष्ट लिहावे.

आपला,
एक वाचक, पुणे