साफ करताना नाही, भरलेलं असताना

संपादक साहेब, नमस्कार.

"रिव्हॉल्व्हर साफ करताना गोळी सुटली", दर दोन-चार महिन्यांनी तुमच्या पेपरात ही ओळ येते आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. मी फौजेत २४ वर्षं काढली, आता चिपळूणजवळ गावी असतो, घरात लायसन्सचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. म्हणून सांगतो, भरलेलं हत्यार साफ करताच येत नाही. नळीत ब्रश घालायचा तर आधी ते उघडावं लागतं, राऊंड म्हणजे काडतुसं बाहेर काढावी लागतात. म्हणजे गोळी सुटली तेव्हा साफसफाई सुरूच झालेली नव्हती ना! रिकामं करायचं राहिलं होतं, एवढंच.

२०२४ च्या ऑक्टोबरात गोविंदाच्या पायाला जुहूच्या घरी स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागली तेव्हा पण तेच झालं, कुठे "साफ करताना" तर कुठे "कपाटात ठेवताना हातातून पडलं". काहीही असो, भरलेलं होतं हे तर खरं.

कानपूरवालं रिव्हॉल्व्हर बंदुकीसारखं मधून मोडतं, अंगठ्याने वरचा खटका दाबला की नळी खाली झुकते आणि मागचा एक्स्ट्रॅक्टर सहाही राऊंड एकदम वर उचलतो. इथंच लोक फसतात, कारण कधी कधी एखादा राऊंड एक्स्ट्रॅक्टरच्या खाली सरकून तिथंच बसतो आणि माणूस समजतो झालं रिकामं. मी स्टीलची वाटी घेतो, सहा राऊंड मोजून टाकतो, मग वाटी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतो, परत येऊन राऊंड बसतात त्या सहाही घरांतून खिडकीकडे बघतो, आरपार उजेड दिसला पाहिजे. बायको हसते, रोज काय तेच तेच मोजता म्हणते. हसू दे. पिस्तूलवाल्यांचं तर अजून अवघड, मॅगझीन म्हणजे गोळ्यांची पेटी काढली की संपलं असं वाटतं पण एक राऊंड चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या घरात, राहिलेला असू शकतो, तो स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढून डोळ्याने आणि बोटाने बघितल्याशिवाय कळत नाही.

बाकी काम दहा-पंधरा मिनिटांचं. नळीत ब्रश, मग चिंदी, ती काळी निघायची थांबली की तेलाची एक चिंदी, झालं. फौजेत चार बाय दोनची चिंदी आणि ओएक्स-५२ तेल मिळायचं, घरी गन ऑइल आणा नाहीतर शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल मात्र लावू नका हो, आमच्याकडे लावतात, थंडीत ते गोठतं आणि आत चिकटा धरतो. तेल जास्त पण नको, राऊंडच्या बुडाच्या टोपीत, जिथे ठिणगी पडते, मुरलं तर ऐनवेळी फुसका बार. आणि हात साबणाने धुवा, त्या काळ्या मळात शिसं असतं.

स्क्रू खोलायच्या भानगडीत तर पडूच नका. २०२१ च्या पुरात आमच्या कपाटात पाणी शिरलं, चामड्याच्या म्यानासकट रिव्हॉल्व्हर दोन दिवस ओलं राहिलं, तेव्हा माझाही हात स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला होता, पण आतली स्प्रिंग उडाली की परत बसत नाही हे माहीत होतं म्हणून लायसन्सवाल्या दुकानात नेलं. तेव्हापासून म्यानात ठेवत नाही, चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि गंज चढतो. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुकांच्या वेळेला पोलीस ठाण्यात जमा केलं, परत मिळालं तेव्हा नळीवर तांबडे ठिपके, आता ते कुणाला सांगणार.

२०१६ च्या शस्त्र नियमांत नवीन लायसन्सला सेफ्टी ट्रेनिंग सांगितलंय, चांगलं आहे, पण मला रिन्यूअलला आजवर कुणी विचारलं नाही की बाबा हे रिकामं कसं करतोस ते दाखव. ते जेव्हा विचारतील तेव्हा विचारतील, तुम्ही तुमच्याकडून एक करा. पुढची अशी बातमी आली की "साफ करताना" लिहू नका, "राऊंड न काढता हाताळताना" असं छापा, दोन शब्द जास्त जातील.

आपला,
एक माजी सैनिक, चिपळूण तालुका